धावेचा रकाना

वेस्लर, नेब्रास्का
१४ सप्टेंबर १९७८

लायल,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात शाई घालवत नाही. तुमच्या गावचं वर्तमानपत्र आज टपालानं आलं. शेजारच्या राज्यातून यायला इतके दिवस? कासवाच्या पाठीवर बांधून पाठवतात की काय?

हातानं फेकायच्या त्या तुमच्या फुटबॉलात चोवीस पास फेकलेस. अकरा आपल्या माणसाच्या हातात पोचले, तेरा पडले. म्हणजे शंभरात सेहेचाळीससुद्धा नाहीत. लेका, मी अंड्यांच्या कारखान्यात जन्म घालवला, एकेक अंडं दिव्यासमोर धरून बघत. शंभरातली पाच फुटकी गेली तरी मुकादम तोंड वाकडं करतो. तुझी चोपन्न फुटली.

मार्जच्या कॅफेत ऑर्व्हिल सगळ्यांसमोर म्हणाला, "व्हर्ना, तुझा भाचा चेंडू फेकतो की गवताला खत घालतो?"

मी म्हटलं, "तुझा मुलगा सोफ्यावरून उठून फ्रिजपर्यंत जातो, तेवढीच तुमच्या घराण्याची दौड. गप कॉफी पी."

प्यायला. पण बोलणं मला लागलं.

मला खेळातलं कळत नाही. आठवीत शाळा सोडली. आकडा मात्र कळतो. तेरा पडले ते का पडले, नीट सांग. एका पानात सांग, पाल्हाळ नको. संघात तुझी जागा राहिली तर कॉलेजची फी माफ. गेली तर परत इथं, माझ्या शेजारच्या स्टुलावर, दिव्यासमोर. तुझी आई जाताना तिला मी सांगितलंय की पोरगं मास्तर होईल. मी बोलले ते फिरवत नाही.

व्हर्ना मावशी

मोजे पाठवलेत. नुसते बघत बसू नकोस, घाल.


ग्रेटन, कॅन्सस
१८ सप्टेंबर १९७८

प्रिय मावशी,

पत्र मिळालं, कान लाल झाले. मोजे घातलेत.

तेराचा हिशेब घे. तीन मी वाईट फेकले, कबूल. चार आमच्या गड्यांनी हातात आलेले सोडले, बोटांना लोणी लावून येतात. उरलेले सहा मी मुद्दाम घालवले. होतं असं, की समोरचे चार रेडे माझ्यावर धावून येतात आणि आपला एकही माणूस मोकळा दिसत नाही. मग मी चेंडू कुणाच्या तरी डोक्यावरून रेषेबाहेर भिरकावतो. आमचं नुकसान काही होत नाही, पुढचा डाव होता तिथूनच सुरू. पण मोजताना तो पडलेलाच धरतात.

आणि यंदा मोजणं फार आहे. नवीन कोच स्ट्राउडनं कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर कागद डकवलाय. वर चेंडू फेकणाऱ्या दोघांची नावं, माझं आणि केंटचं, आणि पुढे शंभरात किती पोचले तो आकडा. पंचावन्नच्या खाली जाईल तो बाकावर. बाकी तो काही बोलत नाही, दाराकडे बोट दाखवतो.

तुझं पत्र मी मर्लला मोठ्यानं वाचून दाखवलं. मर्ल म्हणजे जो पायांमधून चेंडू मला मागे देतो आणि मग माझ्यासमोर भिंत होऊन उभा राहतो तो. सोफा आणि फ्रिज ऐकून पलंगावरून खाली पडला. आता तोही तुला मावशीच म्हणतो.

तुझा,
लायल


वेस्लर
२२ सप्टेंबर

लायल,

सहा मुद्दाम? आणि हे तू मला हसत हसत लिहितोस?

अरे बावळटा, खराब अंडं मी आधी खोक्यात घालून मग मोजत नाही. ते बाजूलाच काढते. तुझे ते सहा काढ बघू. चोवीस नाही, अठरा उरतात. अठरांत अकरा. म्हणजे शंभरात एकसष्ट! त्या केंटला खुशाल बाकावर पाय पसरून बसू दे.

तेव्हा गोष्ट साधी आहे. पोचणार नाही असं दिसलं की फेकूच नकोस. चेंडू पोटाशी धरून ठेव. पुढे वाट दिसली तर पळ, नाहीतर तिथंच खाली बस. त्यात काय मोडणार आहे? फेकलाच नाही तर पडलेला धरणार कसा?

मर्लला सांग, पलंगावरून पडायचं वय गेलं. आणि तो नीट जेवतो का ते कळव.

व्हर्ना मावशी


ग्रेटन
२ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

ऐकलं तुझं. परवा विसांत तेरा. पासष्ट! दारावर माझं नाव वर गेलं आणि केंटनं टोपी भिंतीवर आपटली. कोचनं पाठीवर अशी थाप मारली की मी ओरडलोच. त्याला वाटलं आनंदानं.

दोन्ही सामने हरलो. पण दारावर त्याचा रकाना नाही.

मर्ल नीट जेवतो. माझंही जेवतो. माझी भूक सध्या जरा कमी आहे, सकाळी मळमळतं. इथल्या अंड्यांचा दोष. तुझ्या हाताखालून गेलेली नसणार.

तुझा,
लायल


वेस्लर
६ ऑक्टोबर

लायल,

शाब्बास! आता कसं! कात्रण कापून मार्जच्या गल्ल्याच्या वर चिकटवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला पैसे देताना वाचावंच लागतं. ऑर्व्हिलनं चष्मा विसरलोय म्हणून सांगितलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा.

पण पासच्या ओळीखाली धावांचा रकाना असतो, तिकडे माझं लक्ष गेलं. "लायल, नऊ वेळा, उणे अडतीस यार्ड." उणे? नऊ वेळा पळालास आणि सगळं मिळून मागेच गेलास? असं पळायला बदकसुद्धा लाजेल. तुझा बाप नाचताना असाच उलटा उलटा जायचा, लग्नात मी डोळ्यांनी बघितलंय. रक्तातच आहे तर काय करणार.

पळणं तुझं काम नाही. पोचणारे तेवढे फेक, बाकीचे धरून ठेव, आणि पळणं बंद कर. एवढ्या सोप्या गोष्टीला किती पत्रं घालवायची मी?

दालचिनीची बिस्किटं पाठवते आहे. डबा परत हवाय.

व्हर्ना मावशी


ग्रेटन
१६ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

बिस्किटं मिळाली. फार छान.

बदकाचं मर्लला वाचून दाखवलं. या वेळी हसला नाही. उठून बाहेर गेला. त्याला कधीकधी विनोद कळत नाही.

तुझं बदक परवा आणखी मागे गेलं, उणे सत्तावन्न. पण पास सोळांत अकरा! आता दारावर आपल्या जवळपाससुद्धा कुणी नाही.

येत्या अठ्ठावीसला घरच्यांना बोलवायचा सामना आहे. तू येऊ नकोस. रस्ता लांबचा आहे, तुझा गुडघा, आणि इथं वारा फार. पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी फी नक्की झालेली असेल, मग निवांत बघशील.

आणि पिकअप चालवू नकोस. सुट्टीत आलो की आधी तिचे ब्रेक बघतो.

बिस्किटं मिळाली, छान होती.

लायल


वेस्लर
२० ऑक्टोबर

लायल,

कुठली पिकअप? जुलैत विकली ना आपण ती? तूच त्या माणसाच्या हातात किल्ल्या दिल्यास, आणि चालत घरी येताना दोन दोन आइसक्रीमं खाल्लीस. डोकं कुठं ठेवलंयस? मुलगी आहे का कुणी? असेल तर नाव कळव, मला बाहेरून कळायला नको.

अक्षराला काय झालंय? ओळी उजवीकडे घरंगळत चालल्यात. झोपून लिहितोस? बिस्किटांचं दोनदा लिहिलंस. एकदा पुरे होतं, मला कौतुकाची सवय नाही.

येऊ नको म्हणालास, नाही येत. मार्जनं केस सुद्धा नीट करून दिले होते, ते असोत. कॅन्ससपर्यंत येता येणार नाही इतका काही माझा गुडघा दुखत नाही. मावशी कारखान्यातली आहे, चार सुशिक्षित आईबापांत शोभत नाही, असं असेल तर तसं लिही. मला गोल गोल बोलणं चालत नाही.

व्हर्ना मावशी


ग्रेटन
३० ऑक्टोबर

मावशी,

लाज नाही. असं परत कधी लिहू नकोस. त्या दिवशी सगळ्यांच्या आया आल्या होत्या, तेव्हा मी तुलाच शोधत होतो. मग आठवलं मीच येऊ नको म्हणालो. तू ते बघितलेलं मला नको होतं, एवढंच.

दारावर पहिला आहे. दोन सामने उरले, मग वर्षाचा आकडा पक्का आणि फी पक्की, कोच म्हणाला. आईला दिलेलं तुझं बोलणं राहील.

उजेडाचा त्रास होतो म्हणून थोडंच लिहितो. मर्ल पत्ता लिहून देतो आहे.

पिकअप शेडमध्ये ठेव.

लायल


वेस्लर
३ नोव्हेंबर

लायल,

हे पत्र तुला उद्याच्या सामन्याआधी मिळणार नाही, ठाऊक आहे. तरी लिहिते, हात गप्प बसत नाहीत.

मी काय बघितलेलं तुला नको होतं? आणि पत्ता मर्लनं का लिहायचा? पाकिटावर तुझ्या अक्षरात लिहून खोडलेलं मला दिसलं. आपल्या घराचा पत्ता आहे तो, अरे. तू चार वर्षांचा असल्यापासून तुला पाठ आहे.

आणि पुन्हा पिकअप.

कॉलेजच्या डॉक्टरला डोळे दाखव. डोळ्यांचंच असेल. मार्जची गाडी मागून घेतली आहे, रविवारी सकाळी निघते. सामना संपलेला असेल, म्हणजे तुझं सांगणंही मोडत नाही. चिलीचा रस्सा आणि दालचिनीचे रोल घेऊन येते. खोली आवरून ठेव. नाही आवरलीस तरी चालेल.

व्हर्ना मावशी


वेस्लर
२१ नोव्हेंबर

मर्ल,

लायलनं लिहिलं होतं की तू मला मावशी म्हणतोस, तेव्हा मी सरळ अरे-तुरे करते.

दवाखान्यात तू दारापाशी टोपी पिरगाळत उभा होतास. मी आत गेले आणि तू निघून गेलास. तेव्हा मला बोलायला वेळ नव्हता. आता बराच आहे.

लायल डोळे उघडतो. आवाजाकडे मान वळवतो. उजवा हात उचलत नाही. बोलत नाही. कवटी उघडून रक्त काढलं, केस सगळे कापले. लहानपणी कान मोठे दिसायचे, तसे आता पुन्हा दिसतात.

डॉक्टर म्हणाला, हे एका फटक्याचं नाही, जुन्यावर नवा बसला, आणि जुने बरेच आहेत. मी म्हटलं, "तो चेंडू फेकणारा आहे हो, त्याला कोण मारतंय? मधूनमधून पळायचा, तेवढंच." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला उठून उभं राहावंसं वाटलं.

सगळी वर्तमानपत्रं काढून बसले आहे. पासची ओळ दर आठवड्याला चांगली. धावांची दर आठवड्याला वाईट. अकरा वेळा, बारा वेळा, उणे, उणे. मी त्याला पळू नकोस म्हणून लिहिलं होतं. माझं तो सगळं ऐकतो, एवढंच का ऐकलं नाही?

मला धीर देऊ नकोस. धीर द्यायला इथं सगळं गाव येतं, भांडी परत करता करता जीव जातो. मला फक्त एवढं सांग. तो इतका का पळत होता?

व्हर्ना


ग्रेटन
२६ नोव्हेंबर

व्हर्ना मावशी,

मला लिहायची सवय नाही. चुकलं तर समजून घ्या.

तो एकदाही पळाला नाही, मावशी.

कॉलेजच्या खेळात असं मोजतात. चेंडू फेकायच्या आत फेकणाऱ्याला आडवा पाडला, तर ती फेक धरत नाहीत. धाव धरतात. तो जितका मागे पडला तितके यार्ड धावांच्या रकान्यात उणे लिहितात. पासच्या ओळीत त्यातलं काहीच येत नाही. ती स्वच्छ राहते. उणे अडतीस लिहिलं होतं ना, त्या दिवशी त्याला नऊ वेळा आपटला. उणे सत्तावन्नला बारा वेळा. बदकाचं पत्र त्यानं वाचलं तेव्हा मी बाहेर गेलो, कारण त्याला पडू न देणं हे माझं काम. माझं आणि बाजूच्या चौघांचं. यंदा आमच्यात दोघं अगदी नवखे होते. आम्हाला थोपवता येत नव्हतं.

पहिल्या सामन्यात तो चेंडू बाहेर घालवायचा, तेव्हा वाचायचा. नंतर घालवायचा बंद झाला. मी त्याला म्हटलं, "अरे, फेकून दे ना बाहेर!" तर म्हणाला, "दारावर पडेल." मी म्हटलं, "दार गेलं खड्ड्यात." तर हसला आणि म्हणाला, "मावशीचं गणित बरोबर आहे मर्ल, बघ ना, पासष्ट." तुमच्या पत्रांबद्दल मला बोलायचं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि मी लिहू का विचारलं तर त्यानं मला शपथ घातली. म्हणाला, तिला कळलं तर ती येऊन मला कान धरून घरी नेईल.

मी शपथ मोडायला हवी होती.

शेवटच्या दिवशी दुसऱ्यांदा आपटल्यावर तो उठून समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. त्यांचा डाव ऐकायला. सगळे हसले. मीही हसलो. त्याला हाताला धरून आणलं, त्यानं मला विचारलं, "मर्ल, आपण कुठल्या गावी आहोत?" मी कोचकडे बघितलं. कोचनं बोटानं खूण केली, चला, पुढचा डाव.

पुढच्याच डावात माझ्या डावीकडून दोघं सुटले. आपलं कुणी मोकळं नव्हतं. रेषा जवळ होती, नुसता हात झटकला असता तरी चेंडू बाहेर गेला असता. त्यानं पोटाशी धरला.

दवाखान्यात मी माफी मागायला आलो होतो. तुम्हाला बघितलं आणि जमलं नाही.

मर्ल हॉफ


वेस्लर
४ डिसेंबर

मर्ल,

कळलं.

माफी मागू नकोस. समोर तू उभा होतास, तुला निदान थोपवायचं होतं. मागून धरून ठेव, धरून ठेव म्हणणारी मी. वाटणी करायचीच तर मोठा वाटा माझा, मी मोठी आहे. यावर परत पत्र नको. रडायचं असेल तर रड, पण जेवून.

आणि शपथेचं म्हणशील, तर तो खरं तेच बोलला. आलेच असते मी. कान धरूनच नेलं असतं.

तुमच्या कॉलेजचं पत्र आलंय. वर्षभराचे सगळे पास मिळून लायल शंभरात त्रेसष्टवर, त्यांच्या सगळ्या कॉलेजांत पहिला. चौकटीत बसवलेलं मानपत्र देणार, कुणी तरी घ्यायला या म्हणतात. पुढच्या वर्षीची फीसुद्धा माफ, तसं खाली लिहिलंय.

मी त्या स्ट्राउडला फोन लावला. त्यानं आधी पुष्कळ दुःख व्यक्त केलं. ते संपेपर्यंत मी थांबले. मग विचारलं, "पोरगा किती वेळा आडवा पडला, ते तुमच्या दारावर कुठं लिहिलं होतं?"

म्हणाला, "बाई, ते पासमध्ये धरत नाहीत."

मी म्हटलं, "मग मी कशात धरू?"

   मग मीच फोन ठेवला.

मानपत्र मला नको. तूही आणू नकोस. केंट खेळणार ना आता? त्याला गाठून सांग, कुणी मोकळा दिसला नाही तर खुशाल भिरकावून दे म्हणावं. दहा जाऊ देत गवतात. शंभर जाऊ देत. त्याच्या घरी कुणी आकडे मोजणारं असेल, तर त्यांचा पत्ता मला पाठव.

मार्जच्या गल्ल्यावरचं कात्रण मी काढायला गेले तर आधीच कुणी काढलेलं. ऑर्व्हिलनं काढलं, असं मार्ज म्हणाली.  माझ्याही कॉफीचे पैसे देऊन गेला.

नाताळात जागा असेल तर ये. लायल तुला ओळखेल असं सांगत नाही.

व्हर्ना मावशी


वेस्लर
१९ फेब्रुवारी १९७९

लायल,

हे पत्र तुला वॉर्डातली नर्स वाचून दाखवेल. सावकाश वाच गं बाई, आणि मध्ये स्वतःचं काही घालू नकोस.

मर्ल येऊन गेला नाताळात, ते तुला आठवत नसेल. त्यानं तुझ्या ताटातला केक खाल्ला आणि तू हसलास. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तो बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी त्याला तिथंच आणखी एक तुकडा नेऊन दिला.

आता कामाचं. ती बोलायला शिकवणारी मुलगी चांगली आहे, माझा तिच्यावर राग नाही. पेला दाखवते, किल्ली दाखवते, गाय दाखवते, तू नाव सांगायचं, आणि ती कागदावर खूण करते. शेवटी बेरीज करून मला म्हणते, "बघा, मागच्या आठवड्यात शंभरात चाळीस, या आठवड्यात पंचेचाळीस." तिला वाटतं मला आनंद होईल. ती तेवीस वर्षांची आहे, तिला काय माहीत.

तिचं बघत नाही मी. तुझं बघते. शब्द आला नाही तर तू सोडत नाहीस. जबडा आवळतोस, मान लाल होते, कपाळावरची ती शिवण फुगते. दुसरी पोरं "ठाऊक नाही" अशी मान हलवतात आणि पुढचं चित्र बघतात. तू हलवत नाहीस. धरून बसतोस.

काल तिनं माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "या कोण आहेत, लायल?"

तू माझ्याकडे बघितलंस. बघितलंस ते मला कळलं, ते डोळे मी ओळखते. ओठ दातांवर घेतलेस, 'व्हर्ना'तला 'व्ह' म्हणताना घेतात तसे, आणि ते तिथंच राहिले. डाव्या हातानं खुर्ची धरलीस. घाम आला. ती म्हणाली, "प्रयत्न कर, जवळ आलास, सोडू नकोस." तेव्हा मी उठले आणि तिचा कागद उलटा करून ठेवला. जरा जोरात ठेवला असेल. ती पोर घाबरली, मी नंतर तिला कॉफी पाजली. पण तू तरीही थांबला नाहीस. मी कोट घालून दारापर्यंत गेले तरी तू तसाच, ओठ दातांवर.

रविवारी येते. ती पुन्हा विचारेल, तिचं काम आहे ते. आलं तोंडात तर सांग. नाही आलं, तर खिडकीबाहेर बघ, पाणी माग, डोळे मीट, काहीही कर. पण सोडून दे, लायल. लगेच सोडून दे. मी कोण ते मला माहीत आहे.

मावशी